पाठ फिरवून शिकवणाऱ्या कांबळेस

कांबळे, ज्यानं तुझ्या डोक्यात लोखंडी स्टूल घातलं त्याला मी मारलं. हे आधी सांगते, कारण शोकसभेत कुणी सांगितलं नाही. भरल्या ओपीडीत, सगळ्या रांगेसमोर मी त्याची कॉलर धरली आणि तोंडावर बुक्की हाणली, परत हाणली, आणि सिक्युरिटीवाल्यांनी मला मागून उचलून बाजूला नेलं तेव्हाही माझे पाय चालूच होते. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेली बाई मी. त्यात उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं, ते मला संध्याकाळी हात टम्म फुगल्यावर कळलं. आता कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि हे मी डाव्या हाताने मोबाइलवर टिचक्या मारत लिहितेय. चुका सापडल्या तर दात काढू नकोस.

जबाब घ्यायला आलेला इन्स्पेक्टर म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं. हात उचलायला नको होता." मी म्हटलं, "पायपण उचलला. तोही लिहा की." त्यानं मान खाली घालून लिहिलं. मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. बोट मोडलं याचा राग आहे, कारण मोडलं नसतं तर अजून हाणलं असतं.

शोकसभेत तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकून तू खुर्चीवरून उठून चहाला गेला असतास. दीपस्तंभ काय, रुग्णसेवेचा महामेरू काय. तुझा फोटो कुठला लावला होता माहितीय? त्या लग्नातला, फेट्यातला, ज्यात तू लाडू गिळताना पकडला गेलास. आणि मग आपले अधीक्षक उठले, डोळे पुसले, आणि त्याच दमात जाहीर केलं की यापुढे ओपीडीत ज्युनिअर डॉक्टर पेशंटला हात लावणार नाहीत. तपासणार सीनिअर, ज्युनिअर नुसते बाजूला बसून औषधं लिहिणार. शिकवायचं ते वॉर्डात. दारावर बाउन्सर. सगळा हॉल माना डोलवत होता. तुझ्या फोटोखाली तुझं सगळं आयुष्य पुसून टाकलं, कांबळे, आणि वर टाळ्या.

आणि लोक माझ्याकडे बघत होते, कारण सगळ्यांना माहीत होतं की ही देसाई मॅडम इतकी वर्षं हेच तर म्हणत होती.

त्या दिवसापासून प्रत्येकजण मला एकच विचारतोय. इन्स्पेक्टरनं विचारलं, पेपरवाल्यानं विचारलं, तुझ्या सख्ख्या मेव्हण्यानं विचारलं: पेशंट धापा टाकत होता आणि डॉक्टर खिडकीकडे तोंड करून काय करत होते? सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आपली मेडिसिनची ओपीडी कशी असते ते त्यांना कुठून माहीत? रांग जिन्यावरून खाली गेलेली, पोरं रडतायत, कुणाचा डबा सांडलाय. त्यात तू प्रत्येक ओपीडीत एक पेशंट निवडायचास, दारात जायचास आणि सगळ्या रांगेला ओरडून सांगायचास, "पावणं, धा मिनटं द्या! ही पोरं शिकल्याबिगर उद्या तुमच्या नातवंडांस्नी कोण बघणार?" आणि रांगेतून कुणीतरी हमखास, "घ्या की डॉक्टर, पर पंखा तेवढा लावा!" एकदा एक म्हातारी म्हणाली, "शिकवा, पर माज्यावर नगं, मला गुदगुल्या हुत्यात." सगळी रांग हसली. मी पलीकडच्या खोलीत दात-ओठ खात होते, माझे पेशंट तुझी मजा बघायला उठून जात होते म्हणून.

मग तू तुझ्या खुर्चीवर त्या शिकाऊ पोराला किंवा पोरीला बसवायचास आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहायचास. पाठ पेशंटकडे. हात मागे बांधलेले, नजर बाहेर पार्किंगवर. पोरगं घाम पुसत तपासतंय, चाचपडतंय, आणि तू जसा काही बस यायची वाट बघतोयस. उत्तर आल्याशिवाय वळायचंच नाही, हा तुझा हट्ट. का, तर म्हणे, "माझं तोंड बघून उत्तर देत्यात गं अक्का. मी भुवई उचलली की स्प्लीन, ओठ मुडपला की लिव्हर. माझं तोंड काढून घेतलं की मग कुठं त्यांच्या हातास्नी ऐकू यायला लागतंय."

अक्का. तुझ्यापेक्षा मी मोठी फक्त काही महिन्यांनी, पण मी गडहिंग्लजची, आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात हे तुला हॉस्टेलात कळलं आणि त्या दिवसापासून मी साऱ्या बॅचची अक्का झाले. तू मात्र मला कायम कांबळेच राहिलास. तुझं पाळण्यातलं नाव मी शेवटचं कधी घेतलं ते आठवत नाही. आयसीयूत तुझ्या कानाशी मी नावानं हाक मारली, तर तुझ्या बायकोनं, सुनीतानं, दचकून माझ्याकडे पाहिलं. त्या बिचारीला वाटलं, अक्का आज नावानं हाक मारतेय म्हणजे आता काही खरं नाही.

आपलं भांडण शाहूपुरीतल्या त्या चहाच्या गाड्यावर किती वेळा झालं असेल! मी म्हणायची, ओपीडी पेशंटची आहे, तुझ्या पोरांची शाळा नाही. पहाटेच्या गाडीनं आलेल्या माणसाला दुपारची गाडी पकडायची असते. शिकवायचं तर वॉर्डात शिकव, तिथे माणूस पलंगावर निवांत असतो. तू कप गाड्यावर आपटायचास. "वॉर्डात कायबी शिकत न्हाईत. तिथं आजाराचं नाव आधीच पाटीवर लिवल्यालं असतंय. बाकावरच्या गर्दीत मरायला कोण आलंय आणि सर्टिफिकेट मागायला कोण आलंय, हे कुठं शिकायचं? सांग की!" मी म्हणायची, बरं बाबा, शिकव, पण पाठ करू नकोस. आजारी माणसाच्या घरच्यांना डॉक्टरची पाठ दिसली की त्यांचं डोकं फिरतं. तू म्हणायचास, "लोकांस्नी कळतंय." मी म्हणायची, लोकांना घंटा कळतंय. "तुला कळलं, मग लोकांस्नीबी कळंल," असं म्हणून तू माझ्याच बशीतलं बिस्किट उचलायचास.

माझंच खरं झालं, मुडद्या! खरं झालं म्हणून मी तुझ्यावर इतकी चिडलेय की तू समोर असतास तर दुसरा हातही मोडून घेतला असता.

तू हे का करायचास ते मात्र मी कुणाला सांगत नाही. आपण रेसिडेंट होतो. ओपीडीत तू एकटा, रांग अंगावर आलेली. आमच्या गडहिंग्लजकडचा एक गडी आला, छातीत जळजळतंय म्हणाला. तुला काहीतरी खटकलं. तू शेजारच्या खोलीत सरांकडे गेलास, म्हणालास, सर, एक मिनिट येता का? सर मान वर न करता म्हणाले, रांग बघितलीस का बाहेर, हलव लवकर. तू ॲसिडिटीची गोळी लिहून दिलीस. तो माणूस एसटी स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या बसल्या गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला आणि भर कॉरिडॉरमध्ये त्यानं तुला तुडवला. तू हात वर केला नाहीस. मी ओढून काढलं तुला, ओठाला टाके मी घातले. तू फुटक्या तोंडानं म्हणालास, "त्यो बरोबर हाय अक्का. खरं मला कुणीतरी एक मिनिट द्यायला पायजे हुतं."

पुढे तू ते एक मिनिट आयुष्यभर वाटत राहिलास. आणि त्यातलं एक माझ्याही घरी आलं. मागच्या दिवाळीआधी माझ्या आईची दाढ दुखत होती. गडहिंग्लजला घराजवळच्या दवाखान्यात गेली. तिथे तुझा एक जुना विद्यार्थी बसतो, अंगानं काडी, मिशी फुटलीय न फुटलीय असा. त्यानं बाकावर बसलेल्या आईकडे बघितलं, रांगेतून उठवून आत घेतलं, ईसीजी काढला आणि मला फोन केला, "मॅडम, आजींची दाढ नाही दुखत, हार्ट अटॅक आहे. मी ॲम्ब्युलन्स काढतोय." आई आज भाकऱ्या थापतेय. मी तुला थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं, "एक बरोबर आलं म्हणून शेफारू नकोस." तू मोठ्यानं हसलास आणि सगळ्या गाड्याला चहा पाजलास. तुला कळलं होतं सगळं. तरी म्हणायला पाहिजे होतं रे. आता म्हणते. थँक्यू, कांबळे. माझी आई तुझ्यामुळे आहे.

आता त्या दिवसाचं. तुला त्यातलं निम्मंही माहीत नाही, कारण तुझी पाठ होती.

आपली मृणाल, तुझी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, नाव पुकारायला दारात गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "सर, बाहेर बाकावरचे ते आजोबा बरे दिसत नाहीत. पुढे वाकून बसलेत, वाक्य पुरं होत नाहीये." तू खुर्चीतून उडालासच. तो आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला, "शाब्बास! बघितलंस का अक्का, बाकावर वळखला!" भिंतीतून मला टोमणा. म्हाताऱ्याला आत घेतलंस. इचलकरंजीकडचा मागावर काम केलेला माणूस, तुझ्या कबनूरच्या शेजारचाच. ऑक्सिजन लावलास. छातीत पाणी भरलंय हे तुला ओळखायला वेळ लागला नाही. पाणी काढायचा ट्रे वरच्या वॉर्डातून मागवलास. ट्रे यायला जी काही मिनिटं लागणार, तेवढ्यात मृणालनं पाठ ठोकून पाणी कुठवर आहे ते शोधायचं, असं तू ठरवलंस. रांगेला विचारलंस. रांग हो म्हणाली. तू खिडकीशी गेलास.

म्हाताऱ्याचा पोरगा तेव्हा खाली केसपेपरच्या खिडकीवर होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो वर आला तेव्हा त्याला काय दिसलं? बाप उघडा, तोंडाला मास्क, छाती भात्यासारखी चालतेय, एक पोरगी त्याच्या पाठीवर बोटं आपटतेय, आणि मोठा डॉक्टर पाठ करून बाहेरच्या गाड्या बघतोय.

पहिला आवाज स्टुलाचा. मग काच. मग मृणालची किंकाळी. मी धावत आले तर तू खिडकीच्या कठड्यावर कपाळ टेकून उभा होतास, जसा काही विचार करतोयस, आणि मग गुडघ्यातून खाली आलास. मागचं डोकं फुटलं होतं. भिंतीवर, पडद्यावर, मृणालच्या ॲप्रनवर रक्त. तो स्टूल परत उचलत होता. ओरडत होता, "माजा बाप मरालाय आणि हा गाड्या बघतुय!" आणि तो म्हातारा, मास्क ओरबाडून, श्वास नसताना बोंबलला, "आरं मुडद्या, त्यो वाचवायला लागलाता की मला!" मग मी त्या पोराची कॉलर धरली. पुढचं सांगितलंच.

तुला ट्रॉलीवर घालून आम्ही आयसीयूकडे पळालो. ओपीडी रिकामी झाली. आणि मग वॉर्डातून ट्रे आला, कांबळे. खोलीत मृणाल एकटी आणि तो म्हातारा निळा पडत चाललेला. तिनं ॲप्रन काढून फेकला, कोपरापर्यंत हात धुतले, ग्लोव्हज चढवले आणि त्याच्या पाठीत सुई घातली. तुझं रक्त पायाखाली असताना तिनं तुझ्या मारेकऱ्याच्या बापाच्या छातीतलं पाणी काढलं. तो वाचला. मग ती हॉस्टेलवर गेली आणि नंतर तिनं एकाही पेशंटला हात लावला नाही.

तू व्हेंटिलेटरवर होतास तेव्हा न्यूरोचे डॉक्टर टॉर्च मारून तुझ्या बाहुल्या बघायचे. काही हलत नव्हतं. काचेपलीकडे तुझी सगळी पोरं उभी. एकदा मला वाटलं, यांना आत बोलवावं, तुझ्या पलंगाशी उभं करून शिकवावं, तू असतास तर तेच केलं असतंस. नाही जमलं. मी बाहेर जाऊन त्यांच्यावरच खेकसले, काय तमाशा लावलाय इथं, वॉर्डात कामं नाहीत का? पोरं निमूट गेली. तुझ्या सुनीतानं माझा डावा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, रडून घे की एकदा." मी रडले नाही. मला रडायचं नाही, मला कुणाचा तरी गळा धरायचाय, अजूनही.

काल कबनूरला तुझा जलदान विधी झाला. भन्तेजींचं वंदन झालं, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, गल्लीत मागांची खडखड त्या वेळेपुरती शेजाऱ्यांनी बंद ठेवलेली. तुझी कबनूरची गल्ली मी पहिल्यांदाच गप्प ऐकली. जेवणं झाल्यावर मृणाल माझ्याकडे आली. चेहरा वाळून गेलेला. म्हणाली, "मॅडम, मी कोर्स सोडतेय. उद्या सामान घेऊन निघते." मी का विचारलं तर तिनं जे सांगितलं ते ऐक.

म्हणाली, "मला उत्तर सापडलं होतं. पाणी कुठवर आहे ते एकदा ठोकूनच कळलं होतं. पण मला खात्री वाटेना. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. तेव्हाच बोलले असते तर सर वळले असते. त्यांनी त्या मुलाला दारातच पाहिलं असतं. मी वेळ लावला, मॅडम. सर माझ्यामुळे गेले."

तू असतास तर काहीतरी बोलला असतास, तिला हसवलं असतंस. मला तसलं येत नाही. मला तिच्या कानाखाली ओढावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं, आणि मी म्हटलं, "उद्या ओपीडीला येऊन जा, मग कुठं मरायचंय तिथं मर." किती छान बोलले ना? सुनीता मागून ऐकत होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

तुझ्यासाठी डॉक्टरांनी केलेला संप मिटून आज ओपीडी उघडली. तुझी खोली मला दिली. दारात काळ्या टीशर्टातला बाउन्सर, मान नाहीच, नुसते खांदे. काच नवी बसवलीय. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि लक्षात आलं की मी एकाही माणसाला नीट तपासू शकत नाही. पाठ ठोकायची तर उजव्या हाताचं मधलं बोट लागतं आणि ते प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं ठोकलं तर दार वाजवल्यासारखं वाजतंय. तरी हुकूम हुकूम आहे. एक ज्युनिअर बाजूला बसून मुकाट औषधं लिहीत होता, मी नुसते कागद बघत पेशंट पुढे ढकलत होते. रांग झपाझप सरकत होती. इतकी वर्षं मला हीच ओपीडी पाहिजे होती आणि आज तिची मला शिसारी आली.

मृणाल आली तेव्हा दुपार झाली होती. खांद्याला बॅग. आत येईना, दाराशीच उभी. आणि तेवढ्यात दारावरच्या आपल्या शिपाई रघूमामांनी पुढचं नाव पुकारलं आणि निम्म्यावरच त्यांचा आवाज बसला.

तोच म्हातारा. पोरगा जेलमध्ये, म्हणून एकटाच आलेला. हातात एक्सरेचं पाकीट. बाहेर कुजबुज सुरू झाली, कोण आहे ते रांगेला कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालता हो, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, शपथ. त्यानं हात जोडले नाहीत, पाया पडला नाही, रडला नाही. पडला असता तर मी नक्की हाकलला असता. तो म्हणाला, "बाई, माज्या पोरानं जे केलं त्येला फाशी द्या, मी मधी पडणार न्हाय. पर मला परत धाप लागायलीया. पाणी भरलंय का तेवढं बगा."

आणि बोलावण्याची वाट न बघता सदरा काढून, पाठ आमच्याकडे करून स्टुलावर बसला. पाठीवर सुईची खूण होती.

मी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मग दाराकडे. "मृणाल, हात धू."

तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"हात धू म्हणतेय मी. मला ठोकता येत नाही, दिसत नाही का? मी काय कोपरानं ठोकू?"

बाउन्सर पुढे आला. "मॅडम, ज्युनिअरला पेशंटला हात लावायची परवानगी..." मी म्हटलं, "तू बाहेर हो, नाहीतर माझा डावा हात अजून शाबूत आहे." तो खरंच बाहेर झाला, कांबळे. माझं नाव पोचलंय तिथवर.

मृणालनं बॅग टेबलाखाली ठेवली. हात धुतले. डावा पंजा म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवला आणि उजव्या हाताचं बोट आपटलं. वरून खाली आली, थांबली. आणि तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. उत्तर तिथे आहे का ते शोधत.

तेव्हा मला कळलं की तू खोटं बोलत नव्हतास. ती त्याच्या पाठीला विचारतच नव्हती, मला विचारत होती. आणि माझं तोंड तर तुला माहीतच आहे, त्यावर सगळं छापलेलं असतं. मी उठले. पण खिडकीशी नाही गेले. ते मी मेले तरी करणार नाही. मी सरळ दारात गेले, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर रांगेकडे तोंड करून उभी राहिले. रांगेला माझं तोंड दिसत होतं आणि मृणालला माझी पाठ. तुझंही राहिलं आणि माझंही. एवढी साधी गोष्ट आपल्याला त्या चहाच्या गाड्यावर एकदाही सुचली नाही रे! दोन एमडी झालेली गाढवं आपण.

कुणीतरी मागून ओरडलं, "मॅडम, किती येळ?" मी म्हटलं, "लागेल तेवढा! ती पोरगी तपासतेय आणि मी इथं उभी आहे. ज्याला काही बोलायचंय त्यानं माझ्याशी बोलायचं." एका बाईनं मांडीवरचं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं. मागून टक-टक येत होती, थांबत होती, परत येत होती. मग मृणालचा आवाज, अगदी बारीक, "मॅडम, मी परत पहिल्यापासून बघते." मी न वळता म्हटलं, "बघ."

तिनं परत पहिल्यापासून बघितलं. आणि मग म्हणाली, "पाणी नाही भरलेलं. उजवीकडे खाली आवाज थोडा बद्द आहे, पण आत श्वास ऐकू येतोय. फुप्फुसावरचा पडदा जाड झाला असणार. धाप बहुतेक ॲनिमियाची आहे, डोळे पांढरेफटक आहेत." तेव्हा कुठे मी वळले. एक्सरे खिडकीच्या उजेडाला धरला. पाण्याचं पोरीचं तंतोतंत बरोबर होतं.

म्हातारा सदऱ्याची बटणं लावत होता. मृणाल त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं विचारूनच टाकलं, "आजोबा, त्या दिवशी मी लई वेळ लावला का?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. ही तीच, हे त्याला तेव्हा कळलं. मग म्हणाला, "लावलास की. दोनदा बगितलंस. म्हनून तर सुई बरुबर जागी गेली, बाय." एक बटण राहिलं होतं ते त्यानं लावलं. "माज्या पोरानं एकदाबी नीट बगितलं न्हाय."

तो गेला. मी त्याला माफ केलेलं नाही आणि त्याच्या पोराला तर जन्मात करणार नाही. कोर्टात साक्ष द्यायला मीच जाणार आहे, आणि तिथंही मोठ्यानं बोलणार आहे. मृणाल बेसिनपाशी गेली, भडभडून ओकली, तोंडावर पाणी मारलं. मी पाठीवर हात फिरवायला गेले तर प्लास्टरच तिच्या मणक्यावर आदळलं. ती "आई गं" म्हणाली आणि रडायला लागली, आणि मग मीही रडले. तुझ्या खोलीत, रघूमामांसमोर, भोकाड पसरून.

तेवढ्यात अधीक्षक आलेच धावत. बाउन्सरनं चुगली केली असणार. म्हणाले, हे काय चाललंय, ठरलं होतं ना? मी नाक पुसत म्हटलं, सर, मला हात नाही, म्हणून मला यांचे हात लागणार. आणि माझा हात बरा झाल्यावरही लागणार. ते म्हणाले, पुन्हा कुणी मारलं तर? मी म्हटलं, तर दारात आधी मी आहे. ते तसेच निघून गेले. उद्या मला बोलावणं येईल. येऊ दे.

त्यांच्या मागे दार हलत राहिलं. मृणालनं तोंड पुसलं, टेबलाखालची बॅग पायानं आणखी आत सारली आणि दारापर्यंत गेली. रघूमामांच्या हातातले केसपेपर घेतले आणि पुढचं नाव स्वतःच पुकारलं. आवाज चिरका लागला, पण जिन्याखालचा माणूस हात वर करून उठला.

पोरगी राहिली, कांबळे.